तुमचे प्रश्न : खराट्याची काडी आणि बारा बोल्ट

मागच्या अंकात मी बाणाच्या स्पाइनबद्दल, म्हणजे बाणाची दांडी किती ताठ आहे याबद्दल चार ओळी लिहिल्या आणि "बाकीचं पुन्हा कधीतरी" म्हणून सटकलो होतो. तुम्ही काही सटकू दिलं नाही. या महिन्यात निम्मी पत्रं त्याच्यावरच आहेत, त्यातलं सातपूरचं पत्र सगळ्यात मोठं आणि सगळ्यात मुद्द्याचं, म्हणून तेच आधी घेतो.

प्रश्न : नमस्कार सर, मी सातपूरला टूलरूममध्ये आहे आणि रविवारी कंपाऊंड बो मारतो. माझा मामेभाऊ अमेरिकेत टेक्ससला असतो, त्याने क्रॉसबो घेतलाय, तिकडे रेंजवर टार्गेट मारतो. स्कोप वगैरे सगळं झकास आहे, पण ४० यार्डांवर सहा बोल्ट मारले की चार वाटीत मावतील एवढ्या जागेत बसतात आणि दोन दरवेळी वीतभर बाहेर. तिथे त्याला कुणीतरी सांगितलं की स्पाइन इंडेक्स कर, कस्टम बोल्ट बनवून घे. आता तो मला म्हणतो, तू दिवसभर डायल लावतोस ना, मग तूच सांग. हे स्पाइन इंडेक्स नक्की काय असतं आणि आपल्या साध्या डायलवर मोजता येतं का?

उत्तर : बाकीच्या वाचकांसाठी आधी सांगतो, बोल्ट म्हटलं की सातपूर-अंबडला माणूस पाना शोधायला लागतो, पण इथे बोल्ट म्हणजे क्रॉसबोचा आखूड बाण, साधारण २० ते २२ इंचांचा. क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारख्या दांड्यावर आडवं बसवलेलं धनुष्य, बोल्ट ज्या पट्टीवरून सरकतो ती रेल आणि त्याला ढकलणारी धनुष्याची दोरी म्हणजे स्ट्रिंग. डायल म्हणजे केसभर हालचालही काट्यावर दाखवणारं मोजायचं घड्याळ. आता तुमच्या पत्रातलं एकच वाक्य मी दोन-तीनदा वाचलं, ते म्हणजे "दोन दरवेळी बाहेर". कुठले दोन? दरवेळी तेच दोन की आज हे आणि उद्या ते? तुम्ही लिहिलं नाही, म्हणजे भावाने बोल्टवर नंबरच टाकलेले नाहीत. तर पहिलं काम हे, मार्करने त्याच्याकडच्या सगळ्या, समजा बारा, बोल्टवर १ ते १२ आकडे टाकायचे आणि वहीत लिहायचं की चार नंबर कुठे लागला, सात नंबर कुठे लागला, असं निदान पाच-पाच वेळा. प्रत्येक बोल्ट वेगळ्या ठिपक्यावर मारायचा, नाहीतर एकावर एक आपटून कार्बन फुटतो आणि मग मोजायला काही उरत नाही. पाचपैकी पाच वेळा चार नंबर उजवीकडेच गेला तर दोष बोल्टचा, आणि कधी इकडे कधी तिकडे गेला तर दोष माणसाचा नाहीतर धनुष्याचा, तिथे शंभर डॉलरचे कस्टम बोल्ट घेऊनही काही होणार नाही.

धरून चालू की बोल्टच आहे. आता घरी एक करा, खराट्याची एक काडी घ्या, एक टोक फरशीवर टेकवा आणि दुसऱ्या टोकावर अंगठा ठेवून सरळ खाली दाबा. काडी मधे वाकेल. आता तीच काडी बोटात थोडी फिरवा आणि पुन्हा दाबा, ती हट्टाने पुन्हा तिच्या त्याच बाजूला वाकते, तुम्ही कशीही धरा. बोल्टचं हुबेहूब हेच होतं, मागून स्ट्रिंग ढकलते, पुढे पॉइंटचं, म्हणजे टोकाच्या फाळाचं, वजन हलायला तयार नसतं आणि मधली दांडी बिचारी दाबली जाते आणि तिला जिकडे सोपं तिकडे वाकते. आता एक बोल्ट वर-खाली वाकत निघाला आणि दुसरा डावी-उजवीकडे, तर दोघांची सुरुवातच वेगळी झाली ना. बरेचसे कार्बन शाफ्ट, म्हणजे बाणाच्या दांड्या, हे कार्बनची शीट गोल सळईवर गुंडाळून बनवतात, जिथे शीटचं टोक शीटवर चढतं तिथे जाडी जरा वेगळी राहते, म्हणून फिरवून बघितलं तर सगळीकडून ताठपणा सारखा लागत नाही. ॲल्युमिनियमच्या ओढून काढलेल्या नळीत हा फरक कमी असतो. (ॲल्युमिनियमवर २२१९ असं लिहिलेलं दिसलं तर ते स्पाइन नाही हां, बाहेरचा व्यास इंचाच्या चौसष्टाव्या भागात २२ आणि भिंतीची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात १९.)

तर स्पाइन इंडेक्स करणं म्हणजे प्रत्येक शाफ्टची ताठ बाजू शोधायची, खूण करायची, आणि सगळ्या बोल्टमध्ये ती खूण एकाच जागी येईल अशा व्हेन्स, म्हणजे मागची पिसं, चिकटवायच्या. क्रॉसबोमध्ये वेगळ्या रंगाची व्हेन खाली रेलच्या खाचेत बसते, म्हणून ती खूण त्या व्हेनच्या रेषेत घेतली की काम झालं. ताठ बाजू वर हवी की खाली की आडवी यावर लोक तास तास भांडतात, मी त्यात पडत नाही. बारा बोल्टमध्ये ती एकाच जागी असली की मला पुरे, बाकी स्कोप फिरवायला असतोच.

आता मोजायचं कसं. कारखान्याचा स्पाइन नंबर असा काढतात, २८ इंचांवर दोन आधार, मधोमध ८८० ग्रॅम वजन, आणि शाफ्ट किती खाली वाकला ते इंचाच्या हजाराव्या भागात. ३०० स्पाइन म्हणजे ०.३०० इंच, आपल्या भाषेत ७.६२ मिलिमीटर. आकडा लहान तेवढा शाफ्ट ताठ, नवीन लोक इथे हमखास उलटं धरतात. ८८० ग्रॅमचं वजन विकत कशाला घेताय, ५० मिलिमीटर व्यासाच्या एमएस (साध्या पोलादाच्या) राउंड बारचा ५७ मिलिमीटरचा तुकडा जवळपास तेवढाच भरतो. थोडा लांब कापा, हुक बसवा, हुकासकट काट्यावर टाका आणि फेसिंग मारत मारत, म्हणजे तोंड थोडं थोडं छिलत, ८८० वर आणा. लेथवाल्याला चहा पाजला की झालं.

पण २० इंचाच्या बोल्टला २८ इंचांवर आधार कुठून देणार? तुम्ही १८ इंचांवर द्या. वाकणं अंतराच्या घनाने बदलतं, त्यामुळे ३०० चा शाफ्ट १८ इंचांवर फक्त दोन मिलिमीटरच्या आसपास वाकेल. म्हणून इथे ०.०१ मिलिमीटरची डायल पाहिजे, आणि घाबरू नका, तुम्हाला कारखान्याचा नंबर काढायचा नाहीये, एकाच दांडीची एक बाजू दुसऱ्या बाजूशी ताडून बघायची आहे. उलट तुमचे कंपाऊंडचे लांब शाफ्ट कापायच्या आधी २८ वर मोजायला गेलात तर वेगळीच गंमत होईल, ५०० चा शाफ्ट १२.७ मिलिमीटर वाकतो आणि आपली नेहमीची १० मिलिमीटरची डायल मधेच संपते, आणि माणूस म्हणतो शाफ्ट एकदम ताठ आहे! तिथे वजन ५०० ग्रॅम करा.

आधार म्हणून व्ही ब्लॉकपेक्षा (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यापेक्षा) छोटे बेअरिंग बरे, शाफ्ट फिरवायला सोपं जातं. मॅग्नेटिक स्टँडवर डायल मधोमध लावा आणि शाफ्टच्या टोकाला मार्करने घड्याळ काढा, बारा, दीड, तीन, साडेचार असे आठ ठिकाणी. आता इथे नव्वद टक्के लोक चुकतात, ते वजन लटकवून शाफ्ट नुसता फिरवतात आणि काटा जिथे कमी दाखवेल तिथे खूण करतात. अरे, पण शाफ्ट मुळात जरासा वाकडा असेल तर त्याचा रनआउटही, म्हणजे फिरताना वाकडेपणामुळे होणारी वर-खाली हालचालही, त्यात मिसळली ना! डब्यावर .००३ लिहिलेलं असतं ते सरळपणाचं, ताठपणाचं नाही, दोन्ही वेगळे रोग आहेत. म्हणून प्रत्येक ठिकाणी आधी वजनाशिवाय डायल शून्य करायची, मग हलक्या हाताने वजन लटकवायचं, आकडा लिहायचा, वजन काढायचं, पुढच्या ठिकाणी फिरवायचं. वेळ जातो, पण खरा आकडा मिळतो.

आणि हे खरं मोजलंय की नाही ते तपासायची एक फुकटची युक्ती आहे. समजा बाराच्या ठिकाणी २.०२ आलं, तर सहाच्या ठिकाणीही २.०२ च यायला पाहिजे. तीनला २.११ तर नऊलाही २.११. कारण दांडी वर वाकवली काय किंवा खाली वाकवली काय, एवढ्याशा वाकण्यात ती तेवढाच विरोध करते. म्हणजे लोक जिला "ताठ बाजू" म्हणतात ती एक बाजू नसतेच, समोरासमोरच्या दोन असतात. बारा आणि सहाचे आकडे जुळत नसतील तर शाफ्टला नावं ठेवू नका, तुमचा स्टँड ढिला आहे नाहीतर वजन मधोमध नाही. टूलरूमवाल्याला हे जास्त काय सांगायचं.

याचाच एक फायदा भावाला आत्ताच घेता येईल. त्याच्याकडे व्हेन्स चिकटवलेले बोल्ट आहेत आणि त्या व्हेन्स उखडायच्या नसतील, तर तीन व्हेन्सपैकी कुठलीही एक खाली ठेवून बोल्ट तीन तऱ्हेने रेलवर बसतो, आणि ताठ बाजू समोरासमोर दोन असल्यामुळे त्या तीनपैकी एका तऱ्हेत ती पाहिजे त्या जागेच्या घड्याळाच्या एका तासाच्या आत येतेच, कागदावर काढून बघा. बाहेर जाणाऱ्या चार नंबरची खाली ठेवायची व्हेन बदलून मारून बघायला पैसे लागत नाहीत. मात्र हे फक्त चपट्या नॉकला (नॉक म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाची टोपी, तिच्यावर स्ट्रिंग टेकते) चालतं आणि तेही त्या क्रॉसबोच्या पुस्तिकेत चपटा नॉक चालतो असं लिहिलं असेल तरच. अर्धचंद्र किंवा दुसऱ्या कुठल्या खाचेचा नॉक असेल तर खाच आणि व्हेन यांची जागा ठरलेली असते, ती चुकली की स्ट्रिंग नॉकवरून निसटून जाते, धनुष्य रिकामं सुटतं आणि लिंब, म्हणजे धनुष्याचं वाकणारं पातं, फुटून तोंडावर येऊ शकतं. यात प्रयोग नको.

आता हे सगळं सांगून झाल्यावर मी असं म्हणणार की स्पाइन इंडेक्स सगळ्यात शेवटी करा, तर चिडू नका. क्रॉसबोत त्याच्याआधी बघायची गोष्ट म्हणजे स्ट्रिंग. हाताने ओढून चढवताना एक हात जरा जास्त ओढतो, स्ट्रिंगचा मध्य एका बाजूला सरकतो आणि बोल्ट कितीही देखणा असला तरी डावी-उजवी जातोच. स्ट्रिंग उतरलेली असताना रेलच्या दोन्ही कडांना लागून तिच्यावर मार्करने खुणा करायच्या, चढवल्यावर दोन्ही खुणा सारख्या दिसल्या पाहिजेत, आणि चढवायला नुसते हात नाही, स्ट्रिंग ओढायची वेगळी दोरी वापरायची. भावाचे दोन बोल्ट यानेच वाटीत आले तर मला आश्चर्य वाटणार नाही.

दुसरं वजन. तिकडे ते ग्रेनमध्ये मोजतात, एक ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन. आपल्याला हे परकं वाटतं पण सराफ बाजारातल्या जुन्या माणसाला विचारा, इंग्रजांच्या वेळचा तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता, ११.६६ ग्रॅम, आणि तोळ्याच्या गुंजा ९६, म्हणजे गुंज जवळपास दोन ग्रेनची. ४०० ग्रेनचा बोल्ट म्हणजे सव्वादोन तोळ्यांना थोडा कमी. तर सोनाराचा दोन दशांशांचा काटा घ्यायचा आणि पॉइंट, इन्सर्ट (पॉइंट बसवायला दांडीच्या तोंडात घालतात तो तुकडा) आणि व्हेन्ससकट बाराही बोल्ट एकमेकांच्या गुंजभर अंतरात आणायचे. आणि धनुष्याच्या कंपनीने बोल्टचं कमीत कमी वजन दिलेलं असतं, त्याच्या खाली अजिबात जायचं नाही, फार हलका बोल्ट म्हणजे निम्मं रिकामं सोडल्यासारखंच.

तिसरं, टोकं काटकोनात कापलेली आहेत का. इथे मी स्वतः गाढवपणा केलेला आहे. पहिल्यांदा शाफ्ट कापायचे होते तेव्हा घरात प्लंबरचा पाइप कटर होता, म्हटलं नळीच आहे, कापू. कार्बन कापला जात नाही हो, चिरडला जातो, सहा शाफ्टची टोकं फुलासारखी फुलली आणि मी त्यातले दोन चिकटवून वापरायचाही विचार करत होतो, कंजूषपणा! कार्बनला बारीक कटिंग व्हील लागतं, मास्क लागतो, ती काळी पूड छातीत जाऊ द्यायची नाही, आणि कापल्यावर शाफ्ट व्ही ब्लॉकमध्ये फिरवत टोक सँडपेपरवर घासून सपाट करायचं. टोक तिरकं राहिलं की इन्सर्ट तिरका बसतो आणि पॉइंट लडखडत जातो, मग ताठ बाजू कुठेही असो.

पुढचा भाग किती जड ठेवायचा असंही तुम्ही तळटीपेत विचारलंय. बोल्ट बोटावर तोला, नॉकपासून तो बिंदू मोजा, त्यातून लांबीचा अर्धा वजा करा आणि लांबीने भागा. २० इंचाचा बोल्ट १२.६ इंचावर तोलला तर २.६ भागिले २०, म्हणजे १३ टक्के. ठीक आहे, तेवढा चालतो.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे, इंदिरानगरला राहतो, वर्षभर रिकर्व्ह शिकतेय. अदिती स्वामीचे व्हिडिओ बघून तिला आता "मॅच केलेला डझन" पाहिजे. दुकानदार म्हणतो त्याने स्कोअर वाढेल. घ्यावा का? खर्च बराच आहे.

उत्तर : ताई, नका घेऊ. (मॅच केलेला डझन म्हणजे ताठपणा आणि वजन एकसारखं बघून निवडलेले बारा बाण.) अदिती आणि ओजस देवतळे २०२३ ला बर्लिनमध्ये एकाच दिवशी जगज्जेते झाले, अदिती तेव्हा सतरा वर्षांची होती, ओजसने फायनलला १५० पैकी १५० मारले, ते सगळं खरं आहे आणि मुलीने ते व्हिडिओ जरूर बघावेत. पण ते दोघं कंपाऊंडवाले, म्हणजे चाकांचं धनुष्य मारणारे, ५० मीटरवर आठ सेंटिमीटरच्या दहाच्या वर्तुळात बाण घालणारे, तिथे दांडीतला केसभर फरक दिसतो. तुमची मुलगी बोटांनी स्ट्रिंग सोडते, स्ट्रिंग बोटांवरून बाजूला सरकत निघते, त्यामुळे बाण आडवा वाकत जातो, आणि बारा वर्षांच्या बोटांचा रिलीज रोज वेगळा असतो. शिवाय ती वाढतेय. सहा महिन्यांनी तिची ओढ इंचभर लांबेल, बो जड होईल आणि हा महागाचा डझन तिला आखूड आणि मऊ पडेल. आहेत त्याच बाणांवर नंबर टाका, जो बाण कायम बाहेर जातो त्याचा नॉक एका वेळी थोडासा फिरवून बघा, फक्त व्हेन बोला घासत नाही ना तेवढं बघायचं. नाहीच सुधारला तर तो सरावाला ठेवा.

पैसे खर्च करायचेच असतील तर बाणांसाठी कडक केस घ्या. एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत पिशवीत कोंबलेले बाण काढले की व्हेन्स पापडासारख्या वळलेल्या असतात. आणि मारायच्या आधी प्रत्येक कार्बन बाण दोन्ही हातांनी हलकासा वाकवून कानाशी धरायची सवय तिला आत्ताच लावा, कट्ट असा आवाज आला की तो बाण मोडून टाकायचा. तडा गेलेला कार्बन सुटताना फुटला तर सरळ हातात घुसतो, याबाबतीत लाड नाहीत.

प्रश्न : सर, मी सुरगाण्याकडे शाळेवर आहे. आमची पोरं घरच्या तिरकमठ्यावर सराव करतात, बाण बांबूचे. डायल वगैरे आमच्याकडे नाही. बांबूला पण ताठ बाजू असते का?

उत्तर : असते की, आणि कार्बनपेक्षा जास्त असते! बांबूची भिंत एका अंगाला जाड, पेरं पुढेमागे, त्यामुळे प्रत्येक कांडी वेगळ्या स्वभावाची. एकाच बेटातल्या, एकाच जाडीच्या, पेरं साधारण त्याच अंतरावर असलेल्या कांड्या निवडायच्या आणि वाळल्यावर विस्तवावर शेकून सरळ करायच्या, हे मी तुम्हाला काय सांगू, पोरांच्या आज्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मोजायला दोन बाकांच्या मधे कांडी ठेवा, मधोमध किलोची मिठाची पिशवी दोरीने टांगा आणि मागे फूटपट्टी उभी करा. कांडी थोडी थोडी फिरवत दरवेळी आधी पिशवीशिवाय आणि मग पिशवी टांगून आकडा बघा, दोन्हीतला फरक जिथे सगळ्यात कमी ती ताठ बाजू, तिथे कोळशाने रेघ मारा आणि मागची खाच अशी पाडा की बाण लावल्यावर ती रेघ कमठ्याच्या दांडीकडे येईल. जी कांडी फारच जास्त नाहीतर फारच कमी वाकते ती वेगळी काढा, तिची जोडीदार पुढच्या खेपेला मिळेल. पोरांनी काय आकडे काढले ते मला नक्की कळवा, मला खरंच बघायचंय.

प्रश्न : निफाडकडे शेती आहे, रानडुकरांचा फार त्रास होतो. क्रॉसबो मागवून बंदोबस्त करता येईल का, किती पॉवरचा घ्यावा?

उत्तर : नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, परस्पर शिकार हा गुन्हा आहे. नुकसानीचा पंचनामा करून घ्या आणि वनखात्याकडे अर्ज करा. पॉवरचं उत्तर मी देणार नाही.

प्रश्न : ताठ बाजू शोधायला शाफ्ट पाण्यात तरंगवून बघतात म्हणे, जी बाजू वर येईल तिथे खूण. हे खरं का? (नाशिकरोड)

उत्तर : अर्धं खरं. दोन्ही टोकं नॉकने बंद करून शाफ्ट पाण्यावर सोडला की जड बाजू खाली जाते, एवढंच त्यातून कळतं. जड बाजू बऱ्याचदा जोडाची असते म्हणून लोक तिलाच ताठ धरतात, पण ते मोजणं नाही, अंदाज आहे. डायल मिळत नसेल तर करा, निदान बाराही शाफ्टला एकच नियम लागेल. बादलीत मावणार नाही, गच्चीवरची पन्हळ दोन्हीकडून बुचं मारून भरा. आणि व्हेन्स चिकटवायच्या आधी करा, नाहीतर व्हेन्सच शाफ्टला फिरवतात आणि तुम्ही त्यांच्याच वजनाची खूण करून येता.